पहिल्याच दारात सगळं गाव

मी एकदा चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका बाईंना कळवलं होतं, की आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात लिंबू-चमच्याच्या शर्यतीसाठी आईवडिलांना सोबत घेऊन या. पाण्याची बाटली आणा, आणि बाटलीवर नाव घाला. त्या एकट्याच असत्या तर हातापाया पडून मिटवलं असतं. पण हाच निरोप मी जवळजवळ अख्ख्या मंडळाला पाठवला होता. त्यात दोन रिटायर्ड मुख्याध्यापक होते, फौजेतले एक मेजर होते, आणि आमच्या घरातले हेही होते.

तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची. त्या वयात आपण फार हुशार आहोत असं वाटतं, तसं मलाही वाटायचं. आता माझी मला लाज वाटत नाही, फक्त हसू येतं. ती एकसष्टची बाई आज समोर आली तर मी तिच्या डोक्यावर टपली मारीन.

हे आठवायचं कारण आमची नात. ती सहावीत आहे, मराठी समजते सगळी, बोलायला सांगितलं की मुकी होते. परवा शाळेची कम्प्युटरची वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, ये एलिफ क्या होता है?" तिची आई म्हणाली की दादीला काहून विचारतेस, पापांना विचार. मी चष्मा लावला, फ्रिजमधून एक केळं, एक संत्रं आणि एक वांगं काढलं, आणि पोरीला भिंतीशी उभं केलं. सून माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय माहीत, ही विद्या कोणाकडची आहे.

ती आमच्या सिग्नलवाल्या सरांकडची.

सर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. मूळ घराणं वर्ध्याकडचं, पण जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं जबलपूरचं. उंच, बारीक, मानेला बारा महिने मफलर. मे महिन्यात इथं पाखरं झाडावरून खाली पडतात अशा उन्हातही मफलर. सदऱ्याच्या डाव्या खिशात हिरवा रुमाल, उजव्या खिशात लाल. नाक पुसायचा पांढरा तिसरा, तो पँटच्या खिशात. वर्गात कोणाचा प्रोग्रॅम नीट चालला की सर डाव्या खिशातून हिरवा रुमाल काढून दोनदा हलवायचे. चुकला की लाल. रागवायचे मात्र नाहीत. "लाल म्हणजे थांब," एवढंच म्हणायचे, "थांब आणि पाहा." कॉलेजातली पोरं मुद्दाम चुका करायची, लाल रुमाल बघायला.

मंडळाच्या वाचनालयामागे एक खोली होती. तिथं ते संध्याकाळी कम्प्युटर प्रोग्रॅमिंगचा वर्ग घ्यायचे. फी नाही, परीक्षा नाही. यायचं, बसायचं, शिकायचं. वर्गात कॉलेजची पाचसहा पोरं, त्या मेजरांची बायको, बँकेतली एक मुलगी आणि मी. मी सिविल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात जिंदगी गेली, आणि त्या चुका मी इतक्या प्रेमानं काढायची की माझ्या निरोपसमारंभात लोक जरा जास्तच आनंदात होते. रिटायर झाल्यावर घरात चुका काढायला लागले. दोन महिन्यांत सुनेनंच मंडळातल्या वर्गाची बातमी आणली. "मम्मी जी, आप तो इतनी इंटेलिजेंट हो," म्हणाली. मी फुगले. ती मला घराबाहेर काढून राहिली होती हे मला वर्षभरानं कळलं.

सरांचं सगळं जगणंच जर-तरचं होतं. कसे आहात असं विचारायची सोय नव्हती. "गुडघ्याचं विचारत असाल तर वाईट. गुडघ्याचं नसेल आणि पोटाचं विचारत असाल तर ठीक. दोन्ही नसेल तर मजेत." नवा माणूस गोंधळायचा. जुनी माणसं थेट "गुडघा?" असं विचारून मोकळी व्हायची.

"बघू" या शब्दाचा त्यांना राग. कोणी म्हटलं, सर उद्या येता का, बघू, तर सरांचा चेहरा असा व्हायचा जसा दुधात माशी पडली. त्यांच्या मते बघू म्हणणारा माणूस म्हणजे शेवटचा नियम न लिहिलेलं स्टेशन. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावलं. गाडी येते. पहिली लाइन मोकळी असेल तर पहिलीवर घ्या. नसेल तर दुसरी मोकळी आहे का बघा. तीही नसेल तर तिसरी. आणि यातलं काहीच नसेल तर सिग्नल लाल, गाडी बाहेर उभी. "आता हे शेवटचं लिहायचं कोणी विसरलं," सर म्हणाले, "तर गाडीनं काय करायचं? चहा प्यायचा?"

तर पहिलं ते इफ. मधली सगळी ती एलिफ. शेवटचं ते एल्स, त्याला काही अट नसते. एवढंच तर आहे. पण माणसाला एवढंच समजत नाही, विशेषतः तो माणूस हेडक्लार्क असेल तर.

भाजीबाजारात सरांबरोबर जाणं हा एक तमाशा होता. मी चेरीतालला राहायची, ते आमच्याच गल्लीच्या टोकाला, त्यामुळे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. हिवाळ्याचे दिवस. इथला मटार म्हणजे काय चीज आहे हे जबलपूरकराला सांगायला नको. मझौलीकडून येणारी एक भाजीवाली हिरव्यागार शेंगांचा डोंगर लावून बसायची. सर घरून साखळी ठरवून निघायचे: पालक कोवळा असेल तर पालक. नसेल तर मेथी. तीही नसेल तर मटार. काहीच नसेल तर बटाटे. पहिल्याच टोपलीत पालक कोवळा निघाला की सरांची मान सरळ. मग उजवीकडे बघणार नाहीत, डावीकडे बघणार नाहीत.

"बाबूजी, मटर तो देख लो, आज सुबह का टूटा है," ती बाई म्हणायची.

"पालक मिल गया," सर म्हणायचे. "अब आगे देखना मना है."

ती पदरात तोंड घालून हसायची. पण सरांच्या घरी वहिनी हसायच्या नाहीत. सलग चार दिवस पालक खाऊन त्यांचा धीर सुटला, आणि त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "तुमच्या त्या साखळीत मटार तिसऱ्या नंबरवर टाकला कोणी?" सर विचारात पडले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी हे प्रांजळपणे सांगितलं. नियम सगळे बरोबर होते, म्हणाले. एकही नियम खोटा नव्हता. फक्त क्रम चुकला, आणि क्रम चुकला की घरात मटार येत नाही. फळ्यावर त्यांनी मटार वर नेला, पालक खाली आणला, आणि स्वतःलाच लाल रुमाल दाखवला.

हे मी ऐकलं होतं, लक्षात ठेवा. पहिल्या बाकावर बसून, मान हलवत ऐकलं होतं.

आणि तो दारांचा खेळ. सरांनी आम्हा चौघांना भिंतीशी ओळीनं उभं केलं. तुम्ही माणसं नाही, तुम्ही दारं. पिशवीतून एकेक जिन्नस काढून ते पहिल्या दारापाशी न्यायचे. पहिल्या दारानं एकच विचारायचं: पिवळं आहे का? हो तर ठेवून घ्या. नसेल तर दुसऱ्या दारापाशी. त्यानं विचारायचं: गोल आहे का? तिसऱ्यानं: गोड आहे का? चौथं दार मी. मला काही विचारायची परवानगी नव्हती. जे येईल त्याला पदर पसरायचा.

केळं पहिल्या दारानं घेतलं. संत्रं दुसऱ्यापाशी थांबलं. मग आला पिकलेला पेरू, पिवळाही आणि गोलही. पहिल्या दारानं तो ठेवून घेतला, तर दुसरं दार, म्हणजे कॉलेजातला एक आडदांड मुलगा, भांडायलाच लागला. "सर, हा गोल पण आहे ना, माझा आहे."

"तुला विचारलं कोणी?" सर म्हणाले. "पहिल्यानं घेतला ना? किस्सा खतम. आता तू झोपून राहा."

त्याला सर खरंच डोळे मिटून उभं राहायला लावत. पहिलं दार हो म्हणालं की बाकी सगळ्या दारांनी झोपायचं. त्या दिवशी माझ्या पदरात काय पडलं, तर एक लांबुडकं वांगं. पिवळं नाही, गोल नाही, गोड नाही. एवढी वर्षं सरकारी नोकरी केली, आणि शेवटी वांगं. मी घुश्शात होते. सरांना कळलं असावं. ते म्हणाले, "ताई, तुमचं दार सगळ्यात मोठं. ज्याला कोणी घेत नाही त्याला तुम्ही घेता." मला ते काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सरळ जाऊन पहिलं दार पकडलं.

आता खोलीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा जीव त्या खोलीत अडकला होता.

मंडळाचे सचिव तेव्हा नवे होते. बँकेत बदली होऊन पुण्याहून आलेले, चाळिशीचे, कामाला चोख. त्यांना ती खोली हवी होती मंडळाच्या खुर्च्यांसाठी. खुर्च्या व्हरांड्यात भिजत होत्या, गंजत होत्या, हे खरंच होतं. आठदहा माणसांच्या वर्गासाठी एवढी खोली कशाला, असं कमिटीत त्यांनी विचारलं, आणि तेही चूक नव्हतं. सर कमिटीपुढे उभे राहिले. भांडण त्यांना येत नव्हतं. ते म्हणाले, अट सांगा. सचिवांनी अट सांगितली. स्नेहसंमेलनाच्या स्पर्धांना दर वर्षी गटांचा घोळ होतो, कोण बालगटात, कोण ज्येष्ठांत, यावरून तासभर वाद होतो. तुमच्या वर्गानं वयाप्रमाणे गट पाडून सगळ्यांच्या फोनवर निरोप पाठवायचा प्रोग्रॅम करून दाखवा. चालला तर खोली तुमची, नाहीतर खुर्च्यांची.

सरांना दुसरी जागा नव्हती. घरात दोन खोल्या, त्यातल्या एकीत वहिनींची आजारी बहीण. हा वर्ग गेला तर सरांचं काय होईल हे आम्हाला वहिनींनीच सांगून ठेवलं होतं. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष ते रोज स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे, गाड्या बघत. वर्ग सुरू झाला तसं ते बंद झालं.

तर असं ते काम. आणि ते मी मागून घेतलं. हिसकावूनच घेतलं म्हणा. बँकेतली मुलगी करते म्हणत होती, तिला मी म्हटलं, बेटा, तुला ऑफिस असतं, राहू दे. तिनं केलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

मी लिहिलं ते असं. वय पाच किंवा त्याहून जास्त असेल तर बालगट. नसेल तर, पंधरा किंवा जास्त असेल तर कुमार. नसेल तर, पंचवीस किंवा जास्त असेल तर प्रौढ. नसेल तर, साठ किंवा जास्त असेल तर ज्येष्ठ. आणि यातलं काहीच नसेल तर आईच्या मांडीवर बसून प्रेक्षक. हे शेवटचं मला फार गोड वाटलं होतं. लहानापासून मोठ्यापर्यंत कसं जिन्यासारखं चढत गेलं होतं. मी ते घरी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पेपरातून डोकं न काढता छान म्हटलं.

तुम्हाला दिसलं असेल. माझ्या नातीला परवा दिसलं, ती तर लगेच खिदळली. चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस पाचाहून मोठंच असतं की. पहिलंच दार त्याला म्हणतं, या, बसा. मागची सगळी दारं झोपलेली.

सरांनी तपासायची रीत शिकवली होती. एक वय घालून थांबायचं नाही. सगळ्यात लहान घाला, सगळ्यात मोठं घाला, दोन गटांच्या बरोबर सीमेवरचं घाला. आणि सगळ्यात आधी घाला स्वतःचं, कारण त्याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत असतं. वर्गात सगळ्यांनी तसंच केलं. मी नाही केलं. त्याचं कारण आता सांगायला हरकत नाही. पडदा मोठा, मागे सगळा वर्ग बसलेला, आणि मी मंडळात सगळ्यांना माझं वय पंचावन्न सांगितलेलं. आता मी साठाव्या वर्षी सरकारी नोकरीतून रिटायर झाले होते, त्याचं जेवण याच मंडळात झालं होतं, श्रीखंडाला सगळे दोनदा बसले होते. तरी मी पंचावन्नच सांगायची, आणि लोकही सभ्य, ते मान हलवायचे. तर मी स्वतःचं वय घातलं नाही. शेजारच्यांच्या सात वर्षांच्या पोरीचं घातलं. उत्तर आलं, बालगट. बरोबर. सरांनी हिरवा रुमाल काढला खरा, पण हलवताना विचारलं, बाकीची वयं घातली का? मी म्हटलं, सर, घरी सगळी घातली.

म्हणजे खोटंही बोलले. एकसष्टची तरुण बाई, काय करणार.

संमेलनाच्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं, फोन टेबलावर ठेवला आणि साडी नेसायला गेले. साडी जरा अवघड होती, वेळ लागला. बाहेर आले तर हे दाराशी उभे, हातात फोन. "मला आईला घेऊन यायला सांगून राहिली तुझी मशीन," म्हणाले. "जाऊन तीस वर्षं झाली तिला. आता कुठून आणू?"

मला वाटलं गंमत करतात. मंडळाच्या मैदानावर पोचले तेव्हा कळलं. फाटकापासूनच म्हातारी माणसं जथ्याजथ्यानं येत होती, आणि निम्म्यांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या. काहींनी नातवंडांना पालक म्हणून आणलं होतं. मेजर कडक इस्त्रीत, बाटलीवर पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं, पुढे हुद्दाही. दोन्ही मुख्याध्यापक एकमेकांना निरोप वाचून दाखवत होते, आणि त्यातल्या शुद्धलेखनाचं मात्र कौतुक करत होते. हसत होते की चिडले होते हे मला लांबून कळेना, म्हणून मी चहाच्या टेबलामागे गेले.

तिथं सचिवांनी मला गाठलं. मी म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतो. खरं सांगते, हेच म्हटलं. तोवर सर आले. त्यांनी एक शब्द बोलायच्या आधी उजव्या खिशातून लाल रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि सचिवांना म्हणाले की चूक माझ्या वर्गाची आहे. माझं नाव घेतलं नाही. मग वर्गाचा लॅपटॉप उघडला, वरून खाली एकदा वाचलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं बिचारे रडून राहिले. ते हसत होते.

"पहिल्याच दारात सगळं गाव आत घेतलं की हो, ताई," म्हणाले. मग हळूच विचारलं, "स्वतःचं वय घातलं होतं का?"

मी पदर सारखा करायला लागले.

"घाला आता."

"सर, इथं?"

"इथंच. चूक कुठं आहे ते पाहायचं तर पक्कं उत्तर माहीत असलेलं वय पाहिजे."

एव्हाना मागे माणसं जमली होती. मी सहा टाइप केला, मग एक. पडद्यावर आलं: आपण बालगटात आहात, पालकांनी सोबत यावे. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, एकसष्ट? आम्ही तर चौसष्ट धरून चाललो होतो." त्या हशात माझी पंचावन्न वर्षं कायमची वाहून गेली.

सर लगेच क्रम उलटा करायला बसणार होते. साठ सगळ्यात वर, पाच सगळ्यात खाली, दोन मिनिटांचं काम. पण तेवढ्यात मैदानातून शिट्टी ऐकू आली. माई, म्हणजे त्याच चौऱ्याऐंशीच्या बाई, मंडळाच्या एकेकाळच्या अध्यक्षा, चुन्याच्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तोंडात चमचा, चमच्यात लिंबू. त्यांचा नातू पालक म्हणून बाटली धरून बाजूला उभा. स्पर्धा घेणाऱ्या मुलीनं त्यांना ज्येष्ठांचं भजन तिकडे आहे असं सांगून पाहिलं, तर माईंनी तिला फोनवरचा निरोप दाखवला. लेखी होतं. मग दोन्ही मुख्याध्यापक गेले. मग मेजर. मग हे गेले, आणि ज्या माणसाला घरात पाण्याचा पेला उचलायला सांगितलं तर कंबर दुखते, तो चपला काढून रेषेवर वाकला.

अशी शर्यत मी जन्मात पाहिली नाही. चार पावलं टाकायला लोक एवढा वेळ घेत होते की मधे खोव्याची जिलेबी आली, वाटून झाली, तरी शर्यत चालूच. मेजर लिंबाला अंगठा लावताना सापडले आणि बाद झाले. एका सात वर्षांच्या पोरानं पकडलं त्यांना, आणि त्यांनी त्याला सलाम केला. लहान मुलं ओरडून ओरडून आजी-आजोबांना पळवत होती. माई पहिल्या आल्या नाहीत, तिसऱ्या आल्या, पण लिंबू पाडलं नाही.

बक्षिसं झाली. मग सचिव उठले. सरळ माणूस, त्यांनी घुमवून सांगितलं नाही. गंमत झाली, पण ठरलेली अट अशी होती की प्रोग्रॅम चालायला हवा, आणि तो चालला नाही, एवढंच म्हणाले. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी भांडतील. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. अट पूर्ण झाली नाही. खुर्च्या आणा." आणि चालू लागले खोलीकडे, फळा उतरवायला.

त्यांच्या मफलरचं एक टोक पाठीवर लोंबत होतं. ते बघून माझ्यानं राहवलं नाही. सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सचिवांना म्हटलं, तुमची अट अपुरी आहे. चालला तर आमची, नाहीतर खुर्च्यांची. इफ आणि एल्स. मधला एलिफ तुम्ही लिहिलाच नाही. चालला नाही, पण तो का चालला नाही हे शिकायला माणसं आली, तर?

"अट निकालाआधी लिहायची असते, ताई," सर दारातूनच म्हणाले. त्यांच्याच बाजूनं बोलत होते मी, आणि हा माणूस मलाच चूक ठरवत होता.

पण सचिवांना हसू आलं होतं. त्यांनी विचारलं की बरं, येणार आहे का कोणी? दोन्ही मुख्याध्यापकांनी हात वर केले, मग मेजरांनी, ते तर बायकोच्या पुढे जाऊन दाखवणार होते. मग एकेक करत हात वर येत गेले, आणि माईंनी हात वर केला तेव्हा त्यात चमचा होता. सचिवांनी हात मोजले. मग त्यांना सुचलं की एवढी माणसं येणार म्हणजे बसायला काहीतरी लागेलच. खुर्च्या त्या खोलीतच ठेवू. वर्ग नसेल तेव्हा घडी घालून भिंतीशी, वर्ग असेल तेव्हा उघडून. सगळं इतकं सोपं होतं की कमिटीला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

सर आता नागपूरला लेकीकडे असतात. फोन केला की अजून आधी गुडघा, मग पोट, मग मजेत. तो वर्ग बँकेतली मुलगी घेते. खुर्च्या भिजत नाहीत.

त्या दिवशीचं मात्र एवढं सांगायचं राहिलं. मंडळी पांगत होती. सर मला म्हणाले, बसा, दुरुस्त करा. चुकीचा सिग्नल तसाच ठेवून ते आयुष्यात कधी घरी गेले नव्हते. एकदा म्हणे त्यापायी स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोचले होते. मी खोलीत बसले, साठची ओळ उचलून वर ठेवायला बोट टेकवलं. सर मागे उभे, डाव्या खिशात हात घालून तयार. तेवढ्यात माई दारातून आत आल्या. रिक्षा बाहेर थांबली होती. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून पडद्याकडे वाकल्या, काय चाललंय ते पाहिलं, आणि दोन वाक्यं बोलल्या. ती ऐकून सरांनी खिशातला हात बाहेर काढला आणि चूक तशीच ठेवून, स्वतःच्या हातानं, लॅपटॉपचं झाकण मिटलं. माई जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते:

"दुरुस्त करून राहिली का, पोरी? कर, करायलाच पाहिजे, पण मी घरी पोचल्यावर कर, मला आज बालगटातच रिक्षात बसून जाऊ दे."